डोळ्यातला पांढरा

पांढरा नावाचा रंगच नसतो, असं बाबा म्हणतात. पांढऱ्याच्या दीडशे शेड असतात आणि त्यातली एकही पांढरी नसते. हे त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. एका गाडीच्या दारासाठी मी दुपारभर खपून पांढरा कालवला होता. त्यांनी लांबूनच एक नजर टाकली आणि म्हणाले, "यात निळा सांडलाय." मी निळ्याचा एक थेंब टाकला होता. एकच.

आमचं काम गाड्यांचे रंग जुळवायचं. गाडी कुठे ठोकली, दार बदललं, की नव्या दाराला जुन्या गाडीचा रंग लागतो. कंपनी रंगाचा नंबर देते, पण गाडी चार वर्षं उन्हात उभी राहिली की तिचा रंग नंबराचं ऐकत नाही. मग तो डोळ्यांनी जुळवावा लागतो. थेंबाथेंबानं टिंटचा दाट रंग टाकायचा, पत्र्याच्या तुकड्यावर फवारायचा, सुकू द्यायचा, मग दारात उजेडाला नेऊन गाडीशेजारी धरून बघायचा. हल्ली त्यासाठी मशीन निघालंय. पत्र्यावर टेकवलं की आकडे सांगतं. आमच्याकडेही आहे. बाबा त्यावर दुकानाच्या किल्ल्या टांगतात.

धंद्यातले लोक बाबांना मास्तर म्हणतात, आणि मास्तरांसारखेच ते बोलतात. त्यांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली. तेवढ्या काळात "बरं जमलंय" हे शब्द मी ऐकले नाहीत. काम जमलं असेल तर ते काहीच न बोलता पुढच्या गाडीकडे वळतात, आणि आपण ते कौतुक समजून घरी जायचं.

नियम म्हणावा असा एकच त्यांनी मला घोटून घोटून शिकवला. मागच्या डब्याशी जुळवायचं नाही, नेहमी मूळ पत्र्याशी जुळवायचं. हा मी एकदा मोडला होता. चाळीस माल वाहायच्या गाड्या एकाच रंगात करायच्या होत्या, आणि मूळ पत्रा आणायला आत जायचा कंटाळा म्हणून मी प्रत्येक नवा डबा आधीच्या डब्याशी जुळवत गेले. प्रत्येक डबा आधीच्याशी अगदी तंतोतंत होता. चाळीसही गाड्या रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा पहिली आणि शेवटची दोन वेगळ्या कंपन्यांच्या वाटत होत्या. केसाएवढा फरक, पण चाळीस वेळा. बाबा त्या दिवशी ओरडले नाहीत. ती रांग ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

गेल्या वर्षी बाबांची पँट ढिली व्हायला लागली. मग उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. मग तपासण्या, आणि तपासण्यांच्या शेवटी एक शांत आवाजाच्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून यकृतातली गाठ दाखवली. एक मोठी आणि तिच्याभोवती लहान लहान. रक्तवाहिनीतही शिरलेली. कापून काढण्याच्या पलीकडे गेलंय, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी पडद्यावरून नजर काढली. बाबांनी मात्र पडद्याच्या जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, "हा करडा खरा आहे, की तुमच्या मशीनचा?"

"पण हात टेकायची वेळ आलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एकट्या औषधानं अशी गाठ फार तर थोडे दिवस थबकते. म्हणून आता उपचार जोडून देतात. आधी मांडीतून बारीक नळी घालून मोठ्या गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी बंद करायची. मग दर तीन आठवड्यांनी दोन औषधं, लागोपाठ, शिरेतून. एक गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, तिची रसद तोडतं. दुसरं आपल्याच शरीरातल्या शिपायांना जागं करतं, की बाबांनो, हा घुसखोर आहे, बघताय काय.

"म्हणजे खाली बेस कोट आणि वर टॉप कोट," बाबा म्हणाले.

"तसं समजा. दोन्ही मिळून पुष्कळ जणांत गाठ आकसते. सगळ्यांत नाही."

"नसेना का. झालं तेवढं पुष्कळ झालं माझं." बाबा सगळीकडे हेच म्हणत. नातेवाइकांना, डेंटिंगवाल्याला, फोनवर विचारपूस करणाऱ्या गिऱ्हाइकांना. मला त्याचा राग यायचा. इथे मी डोळ्यांत तेल घालून कागद वाचतेय आणि हे गृहस्थ गाडी विकल्यासारखे हात झटकतायत.

डॉक्टरीणबाईंनी अटीही सांगितल्या. तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघाव्या लागतील, कारण रसद तोडणाऱ्या औषधानं रक्तस्राव होऊ शकतो. त्या ठीक निघाल्या. दुसरं म्हणजे हे सगळं यकृत धड आहे तोवरच. रक्तातलं बिलिरुबिन, ज्यानं कावीळ दिसते, ते दोनच्या आत हवं. वर गेलं की औषध थांबवावं लागतं. "दर आठवड्याला रक्त तपासा. आणि मधेच डोळे पिवळे दिसले तर वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. जागे केलेले शिपाई कधी कधी स्वतःच्याच यकृतावर तुटून पडतात. लवकर कळलं तर त्यांना आवरता येतं."

इतका वेळ मला काही कळत नव्हतं. आता एकदम माझ्या ओळखीचं काहीतरी आलं. मी म्हटलं, "रंगाची काळजी सोडा. रंग ओळखणं हे आमच्या घरचंच काम आहे." डॉक्टरीणबाई हसल्या, शिष्टाचार म्हणून. ते हसू आठवलं की मला अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नळीचं काम आधी पार पडलं, आणि औषधांच्या पहिल्या खेपेच्या दिवशी आत्या आमच्याबरोबर होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून तीच आमच्या घरातली बोलण्याची बाजू सांभाळते. अकरा खुर्च्यांच्या त्या खोलीत बाबांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली. औषधाच्या दोन्ही पिशव्या पाण्यासारख्या स्वच्छ होत्या. "यातली कुठली कुठली हे ओळखायचं कसं?" बाबांनी नर्सला विचारलं. तिनं लेबल दाखवलं. "लेबल वाचून रंग ओळखणारे पुष्कळ बघितलेत आम्ही," बाबा म्हणाले, आणि नर्स इतकी हसली की शेजारच्या खुर्चीतला माणूस जागा झाला. आत्यानं त्यांचा फोटो काढला. हाताला नळी, तोंडावर टवाळी. दुसऱ्या दिवशी आत्या तिच्या घरी परत गेली.

तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता आमचा कार्यक्रम ठरलेला. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेची, तिथला उजेड दिवसभर सारखा असतो. बाबा स्टुलावर बसायचे, बोटानं खालची पापणी ओढायचे आणि छताकडे बघायचे. मी वाकून बघायची. पांढरा, कोपऱ्यात किंचित जुन्या कागदासारखा, बारीक लाल शिरा. वय झालेल्या डोळ्यांचा पांढरा असतो तसाच. मी म्हणायची, "कालच्यासारखंच." ते "हं" म्हणून पापणी सोडायचे आणि आम्ही चहा घ्यायचो.

सातव्या दिवशी रक्त द्यायचं होतं. बाबांच्या हाताला शीर सापडत नाही. मागच्या वेळी रक्त घेणाऱ्या माणसानं तीनदा टोचलं होतं आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात निळा झाला होता. तरी मी बूट घालून तयार होते. बाबा पलंगावरून उठले नाहीत.

"कशाला?" ते म्हणाले. "तू रोज बघतेसच की."

"बघते, पण त्यांनी सांगितलंय."

"मशीन आपल्याकडेही आहे." मग ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा डोळा माझ्यापेक्षा चांगला झालाय. गेली पाच वर्षं झालाय. बोललो नाही एवढंच."

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी बूट काढले. बावीस वर्षांत ज्याची वाट बघितली ते असं सकाळी साडेआठला, कुठलीही गाडी समोर नसताना मिळालं, आणि मी हवेत तरंगायला लागले. तपासणीवाल्याला फोन करून सांगितलं, पुढच्या आठवड्यात येतो. त्या दिवशी दुकानात मी तीन लाल जुळवले, एकाहून एक अवघड, आणि तीनही पहिल्या फटक्यात बसले.

पुढच्या आठवड्यातही गेलो नाही. बाबा थकलेले असायचे, पण थकवा येणारच असं नर्सनं सांगितलं होतं. हातपाय खाजवायचे. मी साबण बदलला. जेवण अर्ध्यावर टाकायचे. मी म्हटलं, तोंडाची चव गेली असेल. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक उत्तर तयार होतं, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे रोज सकाळी आठ वाजता मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते की काही बदललेलं नाही. कालच्यासारखंच होतं. खरंच होतं. शपथ घेऊन सांगते, कालच्यापेक्षा ते एका थेंबानंही वेगळं नव्हतं.

सतराव्या दिवशी आत्या आली. हातात पिशवी, तोंडात प्रवासाच्या तक्रारी. दारातून आत आली, बाबांना बघितलं आणि तिचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

"दादा, अरे... लिंबासारखा पिवळा झालायस तू."

"काहीतरीच काय आत्या," मी फटकन म्हटलं. "रोज बघते मी. उजेडात."

आत्या एरवी माझ्याशी शब्दाला शब्द लावून भांडते. त्या दिवशी भांडली नाही. तिनं पर्समधून फोन काढला, तो खुर्चीतला फोटो उघडला आणि बाबांच्या गालाशेजारी धरला. फोटोतल्या रंगांवर विश्वास ठेवू नये, हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून चारदा सांगते. पण एवढा फरक कुठलाही फोन खोटा दाखवत नाही. फोटोतले डोळे पांढरे होते. समोरचे नव्हते.

मी सोळा दिवस मागच्या डब्याशी जुळवत होते. मूळ पत्रा आत्याच्या फोनमध्ये होता, आणि तो मागायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बाबांनी आत्याचा हात बाजूला सारला आणि म्हणाले, "चला मग. बूट दे माझे."

बिलिरुबिन सहा पूर्णांक आठ निघालं. पोटाचं स्कॅन केलं. गाठीनं पित्ताची नळी दाबली असेल तर ती उघडून कावीळ उतरवता येते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी तो तासभर मनातल्या मनात गाठीची आळवणी करत बसले, की बाई, दाब, नळी दाब. गाठीकडे अशी मागणी करणारी मी पहिलीच असेन. नळ्या मोकळ्या होत्या. गाठ होती तेवढीच होती, उलट थोडी आकसलेली.

"म्हणजे औषध लागू पडत होतं?" मी विचारलं.

"गाठीवर, हो. पण शिपाई यकृतावरही उठलेत. आता स्टिरॉइड देऊन त्यांना आवरून बघू."

"आठवड्यापूर्वी आलो असतो तर?"

त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला. "कदाचित," म्हणाल्या.

खोटं बोलणारी डॉक्टर असती तर बरं झालं असतं. 'काही फरक पडला नसता' असं म्हणाली असती तर मी तिच्या पाया पडले असते. 'हो, तुमच्यामुळे झालं' म्हणाली असती तर निदान भिंतीवर डोकं आपटता आलं असतं. कदाचितचं काय करायचं? तो गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. सकाळी दात घासताना असतो, दुकानाचं शटर उघडताना असतो.

सहा दिवस स्टिरॉइड दिलं. मी रोज आकडा विचारायची. सहा पूर्णांक आठ, सात पूर्णांक नऊ, मग एक दिवस सात पूर्णांक सात, ज्या दिवशी आत्यानं आणि मी बाहेरच्या बाकावर एकमेकींना मिठी मारली, आणि मग नऊ पूर्णांक एक. आता मला डोळ्यांत बघायची गरजच नव्हती. आकडा आधीच सांगत होता. पाय सुजले. पोटात पाणी झालं. सातव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं, म्हणजे करायचं काही उरलं नव्हतं. दोन्ही औषधं बंद. आता त्रास कमी करायचा. घरी घेऊन जा.

घरी पुढच्या खोलीत पलंग लावला. आत्या राहायलाच आली. अंगातलं पाणी उतरवायच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, पायाखाली उशी. मी दुकान बंद ठेवलं. करण्यासारखं तरी काय होतं? पाणी हवं का, कूस बदलायची का, खिडकी लावू का. हात नुसते शिवशिवत होते. बावीस वर्षांत मला जे येतं ते एवढंच, की काहीतरी एक थेंब कमी आहे तो शोधून टाकायचा. इथे टाकायला काही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी आत्या अंघोळीला गेली होती. बाबा जागे होते. माझ्याच्यानं आता राहवेना. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं एका दमात ओकले. "बाबा, माझं चुकलं. मी कालच्याशी जुळवत बसले. रक्त तपासायला हवं होतं. तुम्ही नको म्हणालात तरी ओढत न्यायला हवं होतं तुम्हाला. मला कळायला हवं होतं." मला रडू आवरेना. मला त्यांनी ओरडायला हवं होतं. ती चाळीस गाड्यांची रांग परत चालून दाखवली असती तरी चाललं असतं.

बाबा पांघरुणाच्या शिवणीचा काठ बोटानं चाचपत राहिले.

"मला कळलं होतं," ते म्हणाले.

"काय कळलं होतं?"

"औषध दिल्यावर सहाव्या दिवशी. लघवीला गेलो तेव्हा. कडक चहासारखी. डोळ्यांत दिसायच्या आधी तिथं दिसतं ते."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि सातव्या दिवशीची सकाळ, माझे पायात घातलेले बूट आणि त्यांचं ते एकुलतं एक कौतुक, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. ते कशासाठी होतं ते मी विचारलं नाही.

"मग बोललात का नाही?" मी ओरडले. मरणाच्या दारातल्या माणसावर मी ओरडले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. "मला का नाही सांगितलंत?"

"तू लगेच फोन केला असतास."

"करायलाच हवा होता!"

"तेच तर. केला असता तर दुसरी खेप बंद. दोनच्या वर गेलं की बंद, त्या बाई बोलल्या होत्या. मी म्हटलं, चौदा-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. एकदा ती दुसरी खेप अंगात जाऊ दे, मग पिवळा होवो नाहीतर जांभळा." ते दमले. श्वास घेतला. "मला वाटलं, उतरेल आपोआप. तू रोज म्हणत होतीस ना, कालच्यासारखंच आहे. मलाही वाटायला लागलं, आहे."

"पण तुम्ही तर म्हणायचात, झालं तेवढं पुष्कळ झालं."

"काय म्हणणार मग लोकांना?"

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. बाबांनी पांघरुणावरून नजर उचलली नाही.

"मला अजून राहायचंय गं," ते म्हणाले.

इतकी वर्षं मी या माणसाच्या तोंडाकडे बघत आले, पण हे वाक्य बोलतानाचा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. मी त्यांच्या पायावर हात ठेवला. सुजेत माझ्या बोटांचे खड्डे पडले, म्हणून मी तो काढून घेतला.

"एक कर ना," ते म्हणाले. आवाज इतका साधा होता, की गिऱ्हाईक रंग पक्का करायच्या आधी विचारतं ना, यात थोडं कमी-जास्त होईल का, तसा. बाबांनी आयुष्यात कुणाला असं विचारलं नव्हतं. "त्यांना फोन करून बघ. म्हणावं दोन्ही जमत नसतील तर एकच द्या. ते रसद तोडणारं. शिपायांचं नको. एकटंसुद्धा काही तरी करत असेलच ना?"

"बाबा..."

"विचारायला काय जातंय? विचारून तर बघ."

मी फोन लावला. त्यांच्यासमोरच लावला, कारण आत जाऊन लावला असता तर त्यांना वाटलं असतं मी लावलाच नाही. तीच नर्स होती, लेबलावरून हसलेली. मी नाव सांगितलं. बाबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"ताई, बाईंनी कागदावर लिहूनच ठेवलंय हो," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन्ही नाही, आणि एकही नाही. यकृताला आता कशाचाच भार सोसायचा नाही. मला कळतंय तुमचं, पण नाही हो ताई. काळजी घ्या त्यांची." तिच्या टेबलावर दुसरा फोन वाजायला लागला आणि तिनं हा ठेवला.

बाबा कोपरावर टेकून थोडे उठून बसले होते. एवढं उठणं त्यांना चार दिवसांत जमलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, डोळे मोठे करून, आणि पलीकडून काय सांगतायत ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करत होते. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"हो," मी त्या बंद फोनमध्ये म्हटलं. "हो... बरं... हो, एकच... मी सांगते त्यांना."